इंग्रजीचा पदवीधर आणि मराठीची लेखणी

ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळालेल्या चार मराठी साहित्यिकांपैकी दोघांनी, म्हणजे विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांनी, उपजीविकेसाठी इंग्रजी शिकवली, ही गोष्ट आपल्याकडे योगायोग म्हणून सांगितली जाते आणि योगायोग म्हणूनच विसरली जाते. परंतु योगायोगाची ही यादी जरा लांबवून पाहावी. धारवाडसारख्या कानडी मुलखातील महाविद्यालयात जवळजवळ तीन दशके इंग्रजीचे तास घेणारे जी. ए. कुलकर्णी मराठी कथेला तिने पूर्वी न पाहिलेल्या गहन प्रदेशात घेऊन गेले; १९७४ साली 'सौंदर्यमीमांसा' लिहून मराठी समीक्षेला तत्त्वज्ञानाची शिस्त लावणारे रा. भा. पाटणकर इंग्रजीचे प्राध्यापक, मं. वि. राजाध्यक्ष इंग्रजीचे प्राध्यापक. आणि मर्ढेकरही आकाशवाणीच्या नोकरीत रुजू होण्यापूर्वी इंग्रजीच शिकवीत होते. जी घटना इतक्या वेळा घडते तिला योगायोग म्हणून बाजूस सारणे हा बुद्धीचा आळस होय. इंग्रजीच्या अध्यापनात आणि मराठीच्या लेखनात काही कार्यकारणसंबंध आहे काय, आणि असल्यास आज जो विद्यार्थी इंग्रजी विषय घेऊन एम. ए. करू इच्छितो त्याला त्या संबंधाचा काही उपयोग आहे काय, याचा विचार छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, बसून करणे विशेष उचित आहे. कारण या शहराचा इंग्रजीशी आलेला संबंध मुंबई-पुण्याच्या संबंधाहून मुळातच निराळा आहे.

दरसाल जून महिन्यात, निकाल हाती पडले की, औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांपासून विद्यापीठाच्या प्रवेशखिडकीपर्यंत सर्वत्र एकच पृच्छा ऐकू येते : इंग्रजी घेतली तर पुढे काय? कन्नडहून किंवा वैजापूरहून मुलीला घेऊन आलेला बाप हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मनात पगाराचा आकडा असतो, आणि तो असण्यात गैर काहीच नाही. त्याला मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. पहिले, शिक्षक वा प्राध्यापक होता येईल. दुसरे, वृत्तपत्रात, प्रकाशनात, भाषांतरात, जाहिरातीत, म्हणजे एकूण लेखनाच्या धंद्यात शिरता येईल. या दोन वाटा जणू एकाच चौकातून विरुद्ध दिशांना फुटतात अशा थाटात सांगितल्या जातात. माझे म्हणणे असे की, त्या दोन वाटा नाहीतच. ज्यांनी ज्यांनी या विषयाचे सोने केले त्यांनी अध्यापन आणि लेखन ही एकच साधना मानली, आणि तिचे फळ बहुतेक वेळा इंग्रजीत नव्हे तर स्वभाषेत आले.

पेशवाई बुडाल्यावर पुण्यात जी इंग्रजी आली ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून आली, आणि चिपळूणकरांच्या पिढीने तिला वाघिणीचे दूध म्हणून गौरविले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या मराठवाड्यात राज्यकर्त्यांची भाषा उर्दू होती. दफ्तर उर्दूत, फैसला उर्दूत, अर्ज उर्दूत. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याने वैद्यक आणि स्थापत्यासह सर्व विद्या उर्दूतून शिकविण्याचा उपक्रम आरंभिला, इंग्रजी ही सक्तीची भाषा म्हणून मात्र कायम ठेवली, आणि त्यासाठी पाश्चात्त्य ग्रंथांचा उर्दू तर्जुमा करणारे एक स्वतंत्र खातेच उघडले. पारतंत्र्याच्या काळात एखाद्या देशी भाषेवर एवढा भरवसा टाकणारा दुसरा विद्यापीठीय प्रयोग क्वचितच दाखवता येईल. औरंगाबादेत त्याच विद्यापीठाचे इंटरमिजिएट कॉलेज होते, आणि ज्यांना पुढे 'बाबा-ए-उर्दू' ही पदवी लोकांनी दिली ते मौलवी अब्दुल हक येथे शिक्षणखात्याच्या हुद्द्यावर असतानाच अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार पाहत होते. संस्थेचे दफ्तर १९३८ साली दिल्लीस हलले, परंतु तत्पूर्वीच्या पाव शतकात तिचे केंद्र हे शहर होते. १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक येथून निघाले आणि १९३७ साली तिचा भारदस्त इंग्रजी-उर्दू कोश येथूनच प्रकाशित झाला. इंग्रजीशी विद्वत्तेचा व्यवहार करायचा तो तिच्यात विरून जाण्यासाठी नव्हे, तर तिच्यातील ऐवज आपल्या भाषेत आणण्यासाठी, हा विचार या नगरीला नवा नाही. तो येथे नव्वद वर्षांपूर्वी छापखान्यापर्यंत पोहोचलेला होता.

त्या प्रयोगात एक मूलगामी अन्याय होता, तो झाकून चालणार नाही. तत्त्व योग्य होते. भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. मराठवाड्यातील मराठी मुलगा घरी मराठी बोले, शाळेत उर्दू शिके आणि त्या उर्दूच्या आधाराने इंग्रजी समजून घेई. त्याच्या मातृभाषेला या सोपानावर पायरीच नव्हती. इंटरच्या पुढे पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, ते परवडणारी घराणी मोजकी. सबब १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले तेव्हा या भागात पदवीपर्यंतचे महाविद्यालय नव्हते, आणि इंग्रजी जाणणारा मराठी तरुण हा दुर्मीळ प्राणी होता.

ती उणीव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भरून काढली. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली, आणि छावणीलगतच्या माळावर जे नागसेनवन उभे राहिले त्यातील मिलिंद महाविद्यालय हे मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचे आरंभस्थान ठरले. येथे क्षणभर बाबासाहेबांच्या स्वतःच्या भाषाव्यवहाराकडे पाहावे. कोलंबिया आणि लंडन येथील प्रबंध, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे १९३६ सालचे न झालेले भाषण, संविधान सभेतील भाषणे हे सारे इंग्रजीत. आणि १९२० चे 'मूकनायक', १९२७ चे 'बहिष्कृत भारत' मराठीत. एकाच लेखणीने जगाशी वाद इंग्रजीत घातला आणि स्वजनांना जागे मराठीत केले. इंग्रजीत विचार करणारा मनुष्य मराठीत अडखळतो अशी जी एक लोकप्रिय समजूत आहे, तिला 'बहिष्कृत भारत'चे अग्रलेख हे पुरेसे उत्तर आहे. त्यातील युक्तिवादाची घट्ट वीण ही इंग्रजी न्यायशास्त्र आणि अर्थशास्त्र पचवलेल्या मेंदूची आहे, आणि त्यातील आवेश मात्र थेट महाडच्या तळ्याचा.

नागसेनवनात ही परंपरा पुढे कशी चालली हे पाहिले की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक याच वातावरणात जन्मले. इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतले, आणि परतताना त्यांनी आणले काय, तर इंग्लंडच्या राजकवींची सनावळी नव्हे. तेथील कृष्णवर्णीय लेखकांचे क्षुब्ध आणि स्वाभिमानी वाङ्मय आणले. १९६७ साली नागसेनवनातून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले, तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले, आणि गंगाधर पानतावणे यांनी ते सुमारे अर्धशतक चालवून दलित लेखकांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. पानतावणे मराठीचे अध्यापक, वानखेडे इंग्रजीचे. या दोन विभागांच्या भिंतीला तेथे दार होते, एवढे साधे कारण त्या चळवळीच्या मुळाशी आहे असे मला वाटते. आणि ज्या महाविद्यालयांतून असे दार नव्हते तेथे वाङ्मय मंडळांचे वार्षिक अहवाल तेवढे निघाले. पुढे लातूरला जनार्दन वाघमारे या इंग्रजीच्याच प्राध्यापकाने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीची ओळख मराठीत ग्रंथरूपाने करून दिली. त्यांची कीर्ती पुष्कळांना एका यशस्वी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ठाऊक आहे. माझ्या मते त्यांचे अधिक टिकाऊ काम ते पुस्तक आहे.

हे घडले कसे? इंग्रजीने येथे इंग्लंड दाखविले नाही, इंग्लंडच्या पलीकडचे दाखविले. इंग्रजी वाङ्मय हा विषय आमच्याकडे आला तेव्हा त्याचा हेतू हिंदी प्रजेच्या मनावर इंग्रजी अभिरुचीचा ठसा उमटविण्याचा होता. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, आणि खुद्द ऑक्सफर्डने इंग्रजी वाङ्मयाचे स्वतंत्र पाठ्यपीठ उघडले १८९४ साली, केंब्रिजने त्याची स्वतंत्र परीक्षा सुरू केली १९१७ साली. वसाहतीत आधी आणि मायदेशी मागाहून रुजलेला हा विषय आहे, ही त्याची जन्मकथा लाजिरवाणी खरीच. परंतु जन्माच्या हेतूवरून एखाद्या विद्येचे आयुष्य ठरत नाही. ज्या भाषेतून राज्यकर्त्याने आज्ञा दिल्या त्याच भाषेतून दुसऱ्या खंडातील एखाद्या गुलामाच्या नातवाने आपली कैफियत लिहिली होती, आणि ती वाचण्याची वाट नागसेनवनातील इंग्रजीच्या वर्गातून जात होती.

दुसरे कारण वाचनाच्या क्रियेतच आहे. परभाषेतील ग्रंथ आपण सावकाश वाचतो. मातृभाषेत डोळा ओळींवरून घसरत जातो, परभाषेत तो प्रत्येक क्रियापदापाशी थबकतो. चाळीस वर्षे असा थबकणारा मनुष्य स्वभाषेकडे वळतो तेव्हा तिलाही त्याच नजरेने पाहतो, आणि जे वाक्य इतरांना सवयीने सुचते त्यावर त्याचा संशय बळावतो. करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, 'फाउस्ट' आणि 'राजा लिअर' मराठीत आणताना जी झटापट केली ती त्यांच्या स्वतःच्या कवितेला फुकट गेली नाही; आणि जी. एं.नी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यांतील रानाचा आणि माणसाचा संघर्ष त्यांच्या प्रकृतीला परका नव्हता.

यावर एक आक्षेप असा येईल की, हे सारे लेखक इंग्रजी विभागामुळे नव्हे, तर इंग्रजी विभाग असूनही लिहिते झाले. आक्षेप घेणाऱ्यांत स्वतः नेमाडे अग्रभागी उभे राहतील. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात, ज्याला दीर्घ आणि रक्तरंजित नामांतर संघर्षानंतर १९९४ साली बाबासाहेबांचे नाव मिळाले, त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. नगर, धुळे, औरंगाबाद, गोवा, मुंबई अशी त्यांची भ्रमंती झाली. आणि इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणावर त्यांनी जितकी कठोर टीका केली तितकी इंग्रजीचा गंध नसलेल्या कोणी केली नसेल. सत्तरच्या दशकातील 'बिढार', 'जरीला', 'झूल' या त्यांच्या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा गावोगावच्या महाविद्यालयांतून फिरणारा इंग्रजीचाच अध्यापक आहे, आणि त्या संस्थांतील कंपूशाही, जातीचे हिशेब, संस्थाचालकांची मर्जी यांचे जे चित्र तेथे आहे ते वाचून कोणाही विद्यार्थ्याने हा पेशा पत्करू नये असेच वाटावे. मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. विभागाने त्यांना लेखक केले नाही हे खरे. परंतु देशीवादाची मांडणी करण्यासाठी परदेशी वाङ्मयाची जी खडान्खडा माहिती लागते ती त्यांना कोठे मिळाली? आपली भूमी कोणती हे ठरविण्यास सीमेवर जाऊन उभे राहावे लागते, आणि इंग्रजीचा मराठी अध्यापक हा पेशानेच सीमेवरचा रहिवासी असतो. नेमाड्यांचा राग हा त्या वस्तीतूनच आला आहे.

आता अध्यापनाच्या वाटेची आजची अवस्था. ती थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना पाठ आहे. एम. ए.ला पंचावन्न टक्के, त्यावर नेट किंवा सेट, अनेकांच्या गाठीला पीएच. डी.; आणि इतके करून हाती येते ते बहुधा तासिका तत्त्वावरचे काम, ज्यात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, सुटीचे मिळत नाहीत, आणि पुढल्या वर्षी पुन्हा मुलाखत द्यावी लागते. कायम जागा निघाली तर बिंदुनामावली, न्यायालयीन स्थगिती, आणि शिवाय जिच्याविषयी उघड कोणी बोलत नाही ती देण्याघेण्याची कुजबुज. शाळेकडे वळावे तर बी. एड., पात्रता परीक्षा, पवित्र पोर्टल आणि शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षांची उमेदवारी. २००० सालापासून राज्यातील सर्व शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा इंग्रजीच्या शिक्षकाला सुगीचे दिवस येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात सुगी आली ती क्रांती चौक ते टी. व्ही. सेंटरपर्यंत पसरलेल्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासवाल्यांना. जो तरुण केवळ कायम नोकरीच्या आशेने हा विषय घेतो त्याला खोटी आशा दाखविणे हे पाप आहे, आणि ते पाप दरसाल जूनमध्ये प्रवेशसंख्या राखण्यासाठी होत असते.

लेखनाची वाट तरी मोकळी आहे काय? शहरात इंग्रजी दैनिक आहे, वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना माहितीपत्रके लागतात, अजिंठा-वेरूळला येणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठी वाटाडे लागतात (त्यांच्यापैकी काहींच्या तोंडून जातककथा ऐकाव्यात, आमच्या वर्गांतील पुष्कळ व्याख्यानांपेक्षा ती इंग्रजी अधिक सजीव असते). परंतु साधे, माहितीवजा इंग्रजी लिहून देण्याचे जे काम दहा वर्षांपूर्वी एखाद्या पदवीधराचे घर चालवू शकत होते ते आता यंत्र करू लागले आहे, आणि सरधोपट भाषांतरही. म्हणून केवळ निर्दोष इंग्रजी लिहिता येणे या कौशल्याचा बाजारभाव उतरणार, हे उघड आहे. ज्याचा भाव उतरणार नाही ते कौशल्य कोणते, याचे उत्तर आपल्या नाकर्तेपणाच्या इतिहासातच सापडते.

'कोसला' प्रसिद्ध झाली १९६३ साली. तिचे इंग्रजी रूप आले १९९७ मध्ये, आणि ते केले हैदराबादच्या विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक सुधाकर मराठे यांनी. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत आणले २०१५ साली. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह १९९२ चा, म्हणजे 'अस्मिता' निघाल्यानंतर पंचवीस वर्षांनी. या मधल्या काळात महाराष्ट्रातील इंग्रजी विभागांनी काय केले? हार्डी आणि एलियट यांच्यावर प्रबंध लिहिले. त्या प्रबंधांतील किती जगाने वाचले हे विचारणे क्रूरपणाचे होईल. आणि आज याच प्रबंधांचा विषय दलित आत्मकथने हा झाला आहे, पण ती वाचली जातात इंग्रजी भाषांतरातून! ज्याची मातृभाषा मराठी आहे, ज्याच्या आजोबांनी कदाचित ते जीवन भोगले आहे, असा नागसेनवनाच्या पंचक्रोशीतला विद्यार्थी मूळ मराठी ग्रंथ बाजूस ठेवून त्याच्या इंग्रजी आवृत्तीतील पृष्ठांक टिपतो, याहून मोठी विटंबना मला सुचत नाही.

माझी सूचना अशी की, इंग्रजीच्या एम. ए.ची पदवी मागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वर्षांच्या मुदतीत एक लहानसे पुस्तक भाषांतरित करावे, मराठीतून, उर्दूतून किंवा हिंदीतून इंग्रजीत अथवा उलट, आणि त्यासोबत आपल्या निर्णयांचे समर्थन करणारा निबंध आपल्या भाषेत लिहावा. भाषांतरविद्येची प्रश्नपत्रिका आपल्याकडे नाही असे नाही. पण ती बहुधा सिद्धान्तांची असते, आणि पोहण्याच्या सिद्धान्तावर लेखी परीक्षा घेऊन कोणी पाण्यात तरत नाही. उर्दूचा उल्लेख मी औपचारिकतेने केलेला नाही. मौलाना आझाद महाविद्यालयाच्या परिसरात आणि शहागंजच्या गल्ल्यांत ज्यांची घरची भाषा उर्दू आहे असे विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गात येतात, आणि अब्दुल हकांच्या शहरात त्यांच्या भाषेला इंग्रजी विभागात स्थान नसावे, हे मराठीवर पूर्वी झालेल्या अन्यायाचेच व्याजासह परतफेडीचे रूप ठरेल.

याला हरकत घेणारे म्हणतात की, खेड्यातून आलेल्या मुलाची इंग्रजी आधीच लुळी. त्याला स्वभाषेत लिहिण्याची मुभा दिली तर उरलीसुरली इंग्रजीही जाईल. ही हरकत प्रामाणिक आहे, परंतु अनुभवाच्या उलट आहे. आजचा विद्यार्थी इंग्रजी लिहीत नाही, तो ती उतरवतो. गाइडमधील उतारे पाठ करून ते उत्तरपत्रिकेत ओतणे यालाच तो लेखन समजतो, आणि आम्ही त्याला त्याबद्दल पहिला वर्ग देतो. स्वतःच्या भाषेतील एक परिच्छेद, ज्याचा अर्थ त्याला पूर्ण कळलेला आहे, तो इंग्रजीत मांडताना त्याला प्रथमच असा अनुभव येईल की, सांगायचे काहीतरी निश्चित आहे आणि शब्द कमी पडताहेत. आणि शब्द कमी पडल्याची ती टोचणी लागल्याखेरीज कोणीही भाषा शिकत नाही. गाइडमध्ये याचे उत्तर मिळणार नाही.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती विद्यार्थ्यांची नाही. असे भाषांतर तपासणार कोण? दोन्ही भाषा जाणणारा, दोन्हींत स्वतः काही लिहिलेला परीक्षक प्रत्येक केंद्रावर मिळणे कठीण. आणि संशोधनपत्रिकांतील लेखांच्या संख्येवर बढती अवलंबून असताना मराठीत किंवा भाषांतरात वेळ घालविणाऱ्या अध्यापकाला खाते काय देते, हेही विचारले पाहिजे. तोवर एक काम मात्र कोणत्याही समितीच्या मंजुरीवाचून सुरू करता येईल. 'अस्मितादर्श'चे जुने अंक, ज्यांतील कथा, कविता आणि वाद यांचा फारच थोडा भाग इंग्रजीत गेला आहे, ते काढावेत. लेखकांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी. इंग्रजीचे चार विद्यार्थी आणि मराठीचे चार विद्यार्थी एका टेबलाशी बसवावेत, आणि त्यांच्याबरोबर दोन्ही विभागांचा एकेक अध्यापक, ज्याने त्या दिवसाचा आपला तास या कामात धरला जाईल की नाही याची चौकशी आधीच कचेरीत करून ठेवावी.